जोडीनं परदेशी मिशन सेवेला जायचंय? बडोद्याहून कागदपत्रं कशी जमवायची

रिटायर झाल्यावर नवरा-बायकोनं मिळून वर्ष-दीड वर्ष परदेशात चर्चतर्फे मिशनच्या सेवेला जायचं असं आमच्या ओळखीतल्या दोन-तीन जोडप्यांनी मनावर घेतलंय, आणि आम्ही दोघं १८ महिने राहून आलोय म्हणून सगळे मलाच फोन करतात की काकू तुम्ही काय काय केलंत. म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. व्हिसाचं टेन्शन नंतर घ्या, आधी घरातले सगळे कागद टेबलावर काढा आणि दोघांची नावं सगळीकडे सारखी आहेत का ते बघा.

बडोद्यातल्या मराठी माणसांना हा त्रास हमखास होतो. माझ्या रेशन कार्डावर नावाला 'बेन' चिकटलेलं, ह्यांच्या जुन्या पासबुकावर 'भाई', शाळेच्या दाखल्यावर माझं माहेरचं आडनाव, आणि पॅनवर पुन्हा 'बेन'. चाळीस वर्षं इथे राहताना कुणी एका शब्दानं विचारलं नाही हो, पण पासपोर्टच्या खिडकीवरच्या मुलीनं आधार आणि पॅन शेजारी शेजारी ठेवले, नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, 'बेन, आ बंनेमां नाम अलग छे'. झालं, घरी परत, आणि पॅन दुरुस्त होऊन येईपर्यंत सगळं थांबलं. म्हणून आधी आधार नीट करा, मग त्याप्रमाणे पॅन, बँक आणि पेन्शनचे कागद, आणि मगच पासपोर्टचा फॉर्म भरा. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना वेगळा असतो, तो रिकामा सोडू नका, पुढे व्हिसाला अडतं.

आता कोण जाऊ शकतं, तर हे प्रत्येक चर्चचं वेगळं असतं. उदाहरण म्हणून सांगते, लॅटर-डे सेंट्स चर्चमध्ये सीनियर जोडप्यासाठी वय ४० च्या पुढे लागतं, घरात अवलंबून असलेली लहान मुलं नकोत, मुदत ६, १२, १८ किंवा २३ महिने, आणि राहण्या-खाण्याचा खर्च मुख्यतः आपला आपण करायचा असतो. अर्ज आपल्या स्थानिक पाळकांच्या शिफारशीनंच वर जातो, सोबत डॉक्टरांचा आणि दातांच्या डॉक्टरांचा रिपोर्ट. दातांचं हसण्यावारी नेऊ नका, परदेशात दाढ दुखली तर खिसा रिकामा होतो. इतर चर्चमध्येही पाळकांचं पत्र, तब्येत आणि पैशाची सोय ह्या तीन गोष्टी बघतातच. काम म्हणाल तर सीनियर जोडप्यांना बहुतेक ऑफिसचं, शिकवण्याचं नाहीतर मदतकार्याचं देतात, आम्ही ऑफिसची कागदपत्रं सांभाळायचो आणि सेवेला आलेल्या तरुण मुलामुलींच्या खोल्या ठीक आहेत ना, गॅस-गीझर चालतोय ना ते बघून यायचो.

पासपोर्टचं काम बडोद्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातच होतं, वर ऑफिस अहमदाबादचं. ३६ पानांचे १५०० रुपये, १० वर्षं चालतो. दोघांच्या पासपोर्टला परत येण्याच्या तारखेनंतरही सहा महिने तरी शिल्लक हवेत असं धरून चाला. मग पीसीसी, म्हणजे पोलिसांचा दाखला की तुमच्यावर काही केस नाही. तो पण पासपोर्टच्याच वेबसाइटवरून, ५०० रुपये प्रत्येकी, नवऱ्याच्या दाखल्यात बायकोचं भागत नाही. फार आधी काढू नका, कारण बऱ्याच ठिकाणी सहा महिन्यांच्या आतलाच मागतात.

लग्नाचा दाखला मात्र लवकर हातात घ्या. आमचं लग्न पुण्याकडे चर्चमध्ये झालेलं, चर्चचं सर्टिफिकेट होतं पण परदेशात द्यायला सरकारी नोंदीचा उतारा लागला, आणि तो जिथे लग्न झालं तिथूनच काढावा लागतो, बडोद्यात मिळत नाही. त्यावर अपोस्टिल करून घ्यायचं, म्हणजे कागद खरा आहे असं परदेशात मानलं जावं म्हणूनचा सरकारी शिक्का, त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ पासून आहे. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा.

व्हिसा टुरिस्टचा काढून सेवेला जायचं नाही म्हणजे नाही, कोणी कितीही सोपं आहे म्हणून सांगितलं तरी. ब्रिटनचं बघाल तर विनापगारी धर्मादाय कामाचा व्हिसा १२ महिन्यांपर्यंत मिळतो आणि धार्मिक सेवेचा २४ महिन्यांपर्यंत, दोन्हीला तिकडच्या संस्थेची स्पॉन्सरशिप लागते, आणि सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं तर भारतातून जाणाऱ्यांना टीबीची टेस्टही. आपण दोघंही सेवेला जातोय की एक सेवेला आणि दुसरा सोबत, हे संस्थेला आधीच स्पष्ट विचारा, त्यावर अर्ज बदलतो. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांना यलो फीवरची लस लागते, ती निघायच्या किमान १० दिवस आधी, पण साठीच्या पुढच्यांना त्या लसीचा धोका जास्त असतो म्हणून आधी डॉक्टरांशी बोला.

आणि पेन्शन. ह्याच्यावर माझा सगळ्यात जास्त जोर आहे, कारण लोक व्हिसा मिळाला की खुश होतात आणि हयातीचा दाखला विसरतात. केंद्र सरकारच्या पेन्शनवाल्यांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. तुम्ही परदेशात असाल तर तिथल्या नोटरीची, बँक अधिकाऱ्याची किंवा आपल्या वकिलातीची सही असलेला दाखला चालतो, स्वतः हजर राहावं लागत नाही. पीएफची पेन्शन असेल तर दाखला वर्षात कधीही देता येतो आणि तिथून एक वर्ष चालतो, म्हणजे निघायच्या आठवड्यात देऊन टाकला की बारा महिने निवांत. राज्य सरकारवाल्यांनी आपले महिने ट्रेझरीत विचारून घ्या. ह्यांचा नोव्हेंबर तिकडेच आला, आम्ही दोघं बसनं तास-दीड तास जाऊन वकिलातीत सही घेतली आणि कागद बँकेला पाठवला, तेव्हा डिसेंबरची पेन्शन वेळेवर जमा झाल्याचा मेसेज आला. हा मेसेज यायला भारतातला मोबाइल नंबर चालू हवा, आधार आणि बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, रोमिंगचा पॅक टाका पण सिम बंद पडू देऊ नका.

घर-दुकान भाड्यानं दिलंय किंवा कुणाला सही करायची वेळ येणार असेल तर मुखत्यारपत्र इथूनच, स्टँप पेपरवर नोटरी करून जा. तिकडे गेल्यावर केलंत तर वकिलातीचा शिक्का लागतो आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे स्टँप ड्यूटी भरावी लागते, मुलांची धावपळ होते. दोघांच्या फायली वेगळ्या करा, औषधांची चिठ्ठी कंपनीच्या नावाऐवजी औषधाच्या मूळ नावानं लिहून घ्या, आणि सगळ्याचा एक झेरॉक्स सेट मुलाकडे किंवा मुलीकडे ठेवून जा.