राखेतून आलेली भिंत, राहून गेलेलं छत

नागपुरातलं बेसा, मनीषनगर, मिहानच्या आजूबाजूचा पट्टा, कुठलंही चालू बांधकाम बघा. खांब आणि बीम नेहमीच्या काँक्रीटचे, मधल्या भिंती मात्र फिक्या राखाडी रंगाच्या मोठाल्या ठोकळ्यांच्या. कामावर कुणी त्यांना एएसी ब्लॉक म्हणतं, म्हणजे हवेने फुगवून वाफेत पक्क्या केलेल्या काँक्रीटचे ठोकळे, कुणी सरळ सिपोरेक्स. फ्लॅटच्या माहितीपत्रकात त्यांची जाहिरात ‘उन्हाळ्यात घर थंड’ अशी केलेली असते. ते खोटं नाही. पण हे ब्लॉक नागपुरात आले ते उन्हाच्या काळजीने आलेले नाहीत. औष्णिक केंद्रांच्या राखेचं काय करायचं आणि इमारतीचं वजन कसं उतरवायचं, या दोन अडचणींतून ते आले. थंडावा सोबत फुकट मिळाला. त्यामुळे जिथे राख खपत होती आणि वजन वाचत होतं, तिथेच ते बसले, म्हणजे भिंतीत. ऊन डोक्यावरून येतं, ते तसंच येत राहिलं.

काँक्रीट हलकं करायची कल्पना जुनी आहे. रोमच्या पँथिऑनचा घुमट इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात, सम्राट हेड्रियनच्या काळात पुरा झाला. व्यास ४३.३ मीटर, म्हणजे दीक्षाभूमीच्या स्तूपाच्या घुमटाहून वीसेक फूट जास्त, आणि आत लोखंडाची एक सळई नाही. तो उभा राहिला कारण बांधणाऱ्यांनी वर जाताना गिट्टी बदलत नेली: खाली जड दगड, मध्ये विटांचे तुकडे, अगदी वर प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीतला फेसाळ, सच्छिद्र दगड. घुमटाची जाडीही पायथ्याशी सहा मीटरच्या वर आणि माथ्याशी जेमतेम सव्वा मीटर. निसर्गाने हवा भरून दिलेला दगड त्यांना घराजवळ सापडत होता. आपल्याकडे सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला लाव्हाच लाव्हा, पण तो घट्ट काळा बेसाल्ट, घनमीटरला २,८०० किलोच्या घरातला. रस्त्याला उत्तम, उन्हाला निरुपयोगी.

दगड हलका मिळत नसेल तर तो फुगवता येतो, हे अमेरिकेतल्या स्टीफन हेड यांनी दाखवलं. ते विटांच्या धंद्यातले. भट्टीत काही विटा नको तितक्या तापून फुगतात आणि वाया जातात, हे वीटभट्टीवर सगळेच पाहतात. हेड यांनी तोच दोष मुद्दाम घडवला. शेल दगड फिरत्या भट्टीत फुगवून हलकी गिट्टी करायचं पेटंट त्यांना १९१८ मध्ये मिळालं. पहिल्या महायुद्धात पोलादाची टंचाई होती, म्हणून या गिट्टीच्या काँक्रीटची जहाजं बांधली गेली. १९१९ मध्ये पाण्यात उतरलेल्या ‘सेल्मा’चा सांगाडा टेक्सासच्या किनाऱ्याजवळ अजून आहे. हे काँक्रीट खरंच मजबूत, बीम-स्लॅबला चालणारं. पण उष्णता अडवण्यात मध्यम. या विषयातली मेख इथेच आहे: हवा वाढवली की उष्णता अडते आणि ताकद घटते. दोन्ही टोकं एकाच ठोकळ्यात पकडता येत नाहीत, त्यामुळे कुठल्या जागी काय वापरायचं एवढंच आपल्या हातात उरतं.

दुसरं टोक स्वीडनने गाठलं. तिथे सवय लाकडी घरांची. लाकूड ऊब धरतं, पण जळतं आणि कुजतं. लाकडासारखं उबदार, कापता येणारं, पण न जळणारं काहीतरी हवं होतं. वास्तुविशारद योहान आक्सेल एरिकसन यांनी १९२०च्या दशकात त्याचा मार्ग काढला. चुना आणि सिलिका असलेल्या पातळ मिश्रणात ॲल्युमिनियमची पूड घालायची. चुन्याशी तिची प्रक्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि साच्यातलं मिश्रण भाकरीच्या पापुद्र्यासारखं टम्म फुगतं. पूड किती लागते? एका घनमीटर ब्लॉकला साधारण अर्धा किलो. पुढे हायड्रोजन निघून जातो, जागा हवा घेते. मऊ असतानाच तारेने कापून हे ठोकळे ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे भल्यामोठ्या बंद सिलिंडरमध्ये, १८० ते २०० अंशांपर्यंत तापलेल्या, दाबाखालच्या वाफेत आठ-दहा तास ठेवतात. त्या वाफेत चुना आणि सिलिका मिळून टोबरमोराइट नावाचं स्फटिक तयार होतं. ताकद येते ती त्याच्यामुळे. नुसता फेस वाळवला असता तर भिंत उभीच राहिली नसती.

१९२९ मध्ये या मालाचं कारखान्यात उत्पादन सुरू झालं, त्याचं नाव पुढे यटाँग पडलं. १९३०च्या दशकात तिथेच सिपोरेक्स आलं. एक जोडप्रकरणही सांगायला हवं, कारण आपल्या राखेशी त्याचं नातं आहे. सुरुवातीच्या काही स्वीडिश कारखान्यांनी स्थानिक तुरटीयुक्त शेल वापरला. फुकटासारखा मिळणारा कच्चा माल. पण त्यात युरेनियम होतं, आणि अशा निळसर ब्लॉकच्या घरांत रेडॉन हा किरणोत्सारी वायू साठतो हे नंतर कळलं. १९७५ मध्ये ते उत्पादन बंद झालं. स्वस्त कच्चा माल मिळाला म्हणून तो तपासल्याशिवाय भिंतीत घालू नये, हे तिथे महागात शिकून झालं आहे.

भारतात हे तंत्र आलं ते ऊन टाळायला नव्हे, फाळणीनंतरच्या निर्वासितांना छप्पर द्यायला. दिल्लीत सरकारी गृहनिर्माण कारखाना उभा राहिला, ओटो कोनिग्सबर्गर यांच्यासारखा जाणकार वास्तुविशारद त्यामागे होता, फेसाळ काँक्रीटची तयार पॅनेलं जोडून घरं उभारायचा बेत होता. पॅनेलं हवी तशी उतरली नाहीत, खर्च वाढला, संसदेत टीका झाली, आणि १९५०च्या दशकाच्या तोंडावर प्रकल्प गुंडाळावा लागला. त्याच कारखान्यातून पुढे हिंदुस्तान प्रीफॅब ही सरकारी कंपनी आली, पण हलक्या घरांचं स्वप्न मागे पडलं. महाराष्ट्रात ते परत आणलं ते पुण्याच्या बा. ग. शिर्के यांनी, सत्तरच्या दशकात त्यांच्या समूहाने सिपोरेक्सचं उत्पादन पुण्यात सुरू केलं. मुंबई-पुण्याच्या वसाहतींत ते चाललं. नागपूरच्या ठिय्यावर उभ्या मिस्त्रीच्या तोंडी आज जे नाव आहे, ते तिथून आलं. माल मात्र तेव्हा फारसा इकडे आला नाही. पुण्याहून ट्रकभर हवा सातशे किलोमीटर आणायची, तेही वीट दारात मिळत असताना, कुणाला परवडणार?

नागपूरला तेव्हा गरजही वाटत नव्हती. जुन्या महाल-इतवारीच्या घरांत मातीच्या दीड-दोन फूट जाडीच्या भिंती, वर कवेलू, कवेलूखाली पोटमाळा. गावाकडे धाब्याची घरं. या भिंती उष्णता अडवत नव्हत्या, रेंगाळवत होत्या: दुपारचं ऊन आतल्या बाजूला पोचेपर्यंत रात्र व्हायची, आणि तोवर माणसं अंगणात बाज टाकून झोपलेली असायची. घर आणि राहणी यांचा मेळ होता. तो मोडला सिमेंटने. सत्तर-ऐंशीच्या दशकांत चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले, नासुप्रच्या, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यासच्या, लेआउटमध्ये प्लॉट निघाले, आणि आरसीसीचा स्लॅब ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली. नऊ इंची विटेची भिंत, वर पाच इंची स्लॅब, आणि खिडकीत कूलर. कूलरने उरलेलं काम केलं, म्हणून घराचं काय चुकतंय हे विचारायची वेळ कुणावर आली नाही. २३ मे २०१३ ला शहराने ४७.९ अंश पाहिले. (मे २०२४ मध्ये एका स्वयंचलित केंद्राने दाखवलेला ५६ चा आकडा यंत्राच्या बिघाडाचा होता, तो अजून व्हॉट्सॲपवर फिरतो, त्याकडे दुर्लक्ष करा.)

दरम्यान शहराच्या उत्तरेला राख साठत होती. कोराडीचं औष्णिक केंद्र १९७४ मध्ये सुरू झालं, खापरखेड्याचे मोठे संच १९८९ पासून. आपल्या कोळशात राखच तीस-चाळीस टक्के. रोज हजारो टन कोळसा जाळायचा आणि उरलेली राख पाण्यात कालवून तलावात सोडायची, हा क्रम वर्षानुवर्षं चालला. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा पावसात फुटला आणि राखेचा चिखल आजूबाजूच्या शेतांत आणि नाल्यांत शिरला, तेव्हा शहराला हे साठे आठवले. त्या गावांना ते कधीच विसरता आले नव्हते.

राखेवर केंद्र सरकारचा पहिला मोठा आदेश १४ सप्टेंबर १९९९ चा. औष्णिक केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत मातीच्या विटा करायच्या असतील तर त्यात किमान २५ टक्के राख मिसळा, असं त्यात होतं; शेतातली वरची सुपीक माती भट्ट्यांत जाते, तीही वाचवायची होती. २००३ मध्ये हे अंतर १०० किलोमीटर झालं, २०१६ मध्ये ३००. कोराडी आणि खापरखेड्यामुळे सबंध नागपूर पहिल्याच वर्तुळात येत होतं. आता ब्लॉकच्या कारखान्याचं गणित बघा: एएसीला बारीक सिलिका लागते, परदेशात त्यासाठी रेती दळतात, आणि इथे दळलेल्यासारखीच सिलिकायुक्त राख शहराच्या वेशीवर पडलेली. मिश्रणाचा निम्म्याहून जास्त भाग राखेचा होऊ शकतो. स्वीडनच्या लाकूड-प्रेमातून निघालेली पद्धत विदर्भाच्या कोळशाला अशी येऊन मिळाली.

वजनाची बाजू बिल्डरांनी ओळखली. ६०० बाय २०० बाय २०० मिलिमीटरचा ब्लॉक कोरडा असेल तर पंधरा किलोच्या आत भरतो. तेवढ्याच जागेतलं विटेचं बांधकाम चाळीस किलोच्या पुढे. सात-आठ मजल्यांवर हा फरक पायापर्यंत पोचतो, आणि शहराच्या बऱ्याच भागात पाया काळ्या मातीत जातो, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. कमी वजन म्हणजे कमी लोखंड. शिवाय एक ब्लॉक दहा-बारा विटांचं काम एकदम करतो, भिंत लवकर चढते. बिल्डर ब्लॉककडे वळला तो या हिशेबाने.

थंडाव्याचाही हिशेब आहे. भारतीय मानक आयएस २१८५ च्या तिसऱ्या भागात (१९८४) ५५१ ते ६५० किलो घनतेच्या ब्लॉकला पहिल्या प्रतीत ४ मेगापास्कल ताकद आणि ०.२४ पर्यंत उष्णतावाहकता दिली आहे. पक्क्या विटेची वाहकता ०.८ च्या आसपास. गिलावा धरून नऊ इंची विटेची भिंत आणि आठ इंची ब्लॉकची भिंत यांची तुलना केली, तर ब्लॉकमधून आत येणारी उष्णता साधारण निम्मी होते. पण हे कागदावर. कामावर ब्लॉक जोडायला तीन मिलिमीटरचा चिकट मसाला हवा, आणि जुना मिस्त्री सवयीने अर्धा इंच रेती-सिमेंटचा थर देतो. मग प्रत्येक सांध्यातून उष्णतेला वाट मिळते. कोरडा ब्लॉक मसाल्यातलं पाणी ओढून घेतो, सांधा कच्चा राहतो, आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर बीमखाली आडवी बारीक भेग दिसू लागते. लोक ब्लॉकला नावं ठेवतात. खिळ्याचंही तसंच: ताज्या कापलेल्या ब्लॉकवर बोट फिरवलं तर भोकांची खरखर लागते आणि पीठ हाताला येतं, अशा पोटात साधा खिळा गीझरचं वजन धरत नाही, त्याला वेगळे प्लग लागतात.

चार मेगापास्कल म्हणजे किती, हे लक्षात ठेवायला हवं. घराच्या स्लॅबचं काँक्रीट हल्ली किमान २० मेगापास्कलचं घेतात. ब्लॉक स्वतःचं वजन पेलतो, इमारतीचं नाही. ब्रिटनने याच मालात सळ्या घालून छताच्या फळ्या केल्या, दुसऱ्या महायुद्धानंतर शेकडो शाळांवर घातल्या. पाणी मुरलं, सळ्या गंजल्या, २०१८ मध्ये केंटमधल्या एका शाळेचं छत खाली आलं, आणि २०२३ च्या ऑगस्टअखेरीस शंभराहून जास्त शाळांतले वर्ग बंद करावे लागले. ‘हलकं आणि मजबूत’ अशी जाहिरात दिसली की आधी आकडा विचारावा.

राहिलं छत. वरच्या मजल्याला सगळ्यात जास्त ऊन छतातून लागतं, आणि पाच इंची स्लॅब त्याला जवळजवळ काहीच अडवत नाही. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेने घरांच्या छतासाठी १.२ ची मर्यादा घातली, म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना चौरस मीटरमागे १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. उघडा स्लॅब याच्या तिप्पट-चौपट देतो. इथे स्लॅबवर ओतायचं फोम काँक्रीट कामाला येतं: सिमेंटच्या रबडीत साबणासारखा तयार फेस मिसळायचा, ऑटोक्लेव्ह नको, कारखाना नको. भिंतीच्या ब्लॉकसाठीही ही पद्धत वापरतात आणि आयएस २१८५ चा चौथा भाग (२००८) त्यासाठीच आहे, पण तिथे घनता ८०० च्या वर ठेवावी लागते. छतावर भार घ्यायचा नसल्याने घनता ३०० ते ४०० पर्यंत उतरवता येते, आणि तीन इंचाच्या थरात संहितेची मर्यादा आरामात गाठली जाते.

तीन इंचांचं वजन चौरस मीटरला तीस किलोच्या आत. जुन्या ब्रिकबॅट कोब्याच्या, म्हणजे छतावरच्या विटांच्या तुकड्यांच्या थराच्या, एक चतुर्थांशही नाही. अट एवढीच की थर पूर्ण वाळू द्यायचा, वर कडक सिमेंटचा थर, मग वॉटरप्रूफिंग आणि पांढऱ्या टाइल्स. ओला राहिलेला फोम भिजलेल्या पोत्यासारखा उष्णता पुढे ढकलतो, म्हणून हे काम नागपुरात फेब्रुवारी-मार्चमध्ये घ्यावं. जूनच्या तोंडावर घाई केली तर आत अडकलेलं पाणी पुढच्या उन्हाळ्यापर्यंत निघत नाही.