काचेपलीकडचं नाचघर

कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ऑगस्ट १९६९ मध्ये 'हॉन्टेड मॅन्शन' ही डार्क राइड, म्हणजे गाडीत बसून अंधाऱ्या इमारतीतून घडणारी सफर, सुरू झाली. तिच्यातलं सर्वांत गाजलेलं दृश्य म्हणजे नाचघर. सज्ज्याच्या उंचीवरून गाडी सरकत असते आणि खाली जोडपी गिरक्या घेत असतात. त्यांच्या अंगातून पलीकडचं सामान दिसतं, आणि बघता बघता ती विरून जातात. तेव्हापासून चित्रं दाखवण्याची तंत्रं कुठल्या कुठे गेली, तरी हे दृश्य पाहताना माणसं आजही गप्प होतात. जुन्या आठवणींची ओढ त्यात असेलच. पण मला विचाराल तर खरं श्रेय प्रकाशशास्त्राचं.

युक्ती राइडहून शंभर वर्षांनी जुनी आहे. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. जॉन हेन्री पेपर यांनी ती सुधारून १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये रंगमंचावर आणली. आपण आणि नाचघर यांच्यामध्ये प्रचंड मोठी, स्वच्छ काच असते. नाचणाऱ्या बाहुल्या नाचघरात नसतातच. त्या काचेच्या अलीकडे, आपल्या वाटेच्या वर आणि खाली लपवलेल्या असतात. तिरप्या पडलेल्या प्रकाशातला जेमतेम दहावा हिस्सा काच परतवते, बाकीचा आरपार जातो. म्हणून बाहुल्यांवर झगझगीत उजेड लागतो आणि नाचघर मंद ठेवावं लागतं. बाहुल्यांवरचा दिवा मालवला की भूत गायब. रात्री दिवा लावलेल्या खोलीतून खिडकीकडे पाहिलं की बाहेरच्या अंधारात आपलाच चेहरा तरंगतो, तसंच हे.

खरी गंमत पुढे आहे. सपाट काचेतली प्रतिमा काचेवर चिकटलेली नसते; वस्तू काचेच्या जितकी अलीकडे, प्रतिमा तितकीच पलीकडे दिसते. त्यामुळे भूत खरोखरच नाचघराच्या मधोमध उभं असल्यासारखं भासतं. दोन्ही डोळ्यांना ते किंचित वेगळ्या कोनातून दिसतं. गाडी पुढे गेली की जवळचं भूत लांबच्या भूताला झाकतं, मग मोकळं करतं. अंतर ओळखायला मेंदू ज्या खुणा शोधतो, त्या इथे जशाच्या तशा मिळतात. साध्या पडद्यावरच्या चित्रात त्या नसतात. काचेने एक चुगली मात्र केलीच आहे: प्रतिबिंबात डावं-उजवं उलटतं, म्हणून या नाचात जोडीदाराला पुढे नेते ती स्त्री.

हे सगळं ठरावीक जागेवरूनच जमतं. चार पावलं इकडेतिकडे झाली तर लपवलेल्या बाहुल्या दिसतील. इथे कामी येते 'ऑम्निमूव्हर' ही १९६७ पासून डिस्नेलँडमध्ये वापरात आलेली व्यवस्था. न थांबणाऱ्या साखळीतल्या या गाड्या ठरल्या जागी स्वतःभोवती वळतात, आणि त्यांची उंच, गोलसर पाठ बाजूचं व मागचं झाकून टाकते. कुठे बघायचं हे प्रवाशाऐवजी गाडीच ठरवते.

काही दगडी मुखवटे तर आपण जाऊ तिकडे मान वळवून बघतात. त्यांत यंत्र नाही. साच्यासारखे ते आतल्या बाजूला खोलगट आहेत, पण आयुष्यभर उठावदार चेहरेच पाहिलेला मेंदू त्यांनाही उठावदार मानतो, आणि मग आपली हालचाल त्यांच्या नावावर जमा होते. मुखवटा खोलगट आहे हे माहीत असूनही डोळ्यांना ते पटत नाही. एक डोळा मिटून पाहिलं तर भ्रम आणखी पक्का होतो, कारण खोली सांगणारी दुसऱ्या डोळ्याची साक्षच तेव्हा उरत नाही.