इलेक्ट्रिशियनचे जुने घडीचे चाकू आणि त्यांचा संग्रह

विजेची आणि टेलिफोनची कामे करणाऱ्या कारागिरांसाठी खास बनवलेले जुने घडीचे चाकू जमवणे, त्यांच्यावरच्या छापांवरून काळ ठरवणे आणि ते मूळ रूपात जपणे, हा छंद मुख्यतः अमेरिकेतला. चाकूंच्या संग्रहात शिंपल्याच्या, शिंगाच्या किंवा कोरीव हाडाच्या मुठीला पूर्वापार मान आहे. त्या मानाने हा चाकू अगदीच साधा: लाकडी मूठ, कार्बन पोलाद, एक पाते आणि एक स्क्रूड्रायव्हर. सैन्याच्या आणि टेलिफोन कंपन्यांच्या घाऊक मागणीमुळे तो भरपूर बनला आणि कामावर भरपूर झिजला. नव्या संग्राहकाला परवडतो तो याच कारणाने, आणि न झिजलेला नमुना मिळवताना दमछाक होते तीही याच कारणाने.

या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे अमेरिकन सैन्याच्या सिग्नल कोअर या संदेशवहन शाखेचा टीएल-२९. हा एका कंपनीचा चाकू नव्हे. सैन्याने नमुना ठरवून दिला आणि अनेक कारखान्यांनी तो आपापल्या छापाने बनवला. संग्राहकांच्या बोलण्यात मात्र ‘टीएल-२९’ हे जवळजवळ सामान्यनाम झाले आहे. सैन्याशी कधी संबंध न आलेला, त्याच धर्तीचा दुकानी चाकूही त्याच नावाने विकला जातो.

रचना

मिटलेल्या अवस्थेत लांबी सुमारे पावणेचार इंच (साडेनऊ सेंटिमीटर). मुख्य पाते भाल्याच्या टोकासारखे, मधोमध निमुळते होत गेलेले. त्याच्या शेजारी चपट्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर. त्याची एक कड बोथट धारेची असते. ती कापण्यासाठी नसते; तारेवरचे उरलेसुरले आवरण आणि काळपटपणा खरवडण्यासाठी असते. काही नमुन्यांत स्क्रूड्रायव्हरच्या बुडाशी अर्धगोल खाच असते, तीत तार धरून ओढली की आवरण निघते. मुठीच्या टोकाला कडी असते. दोरी बांधून चाकू पट्ट्याला अडकवता येतो. खांबावर चढलेल्या माणसाच्या हातून चाकू निसटला तर तो खाली उभ्या असलेल्याच्या डोक्यात पडू नये, हा तिचा उपयोग उघडच आहे.

खरी गंमत खटक्यात आहे. चाकूची दोन्ही अंगे आतून धातूच्या पत्र्याने मढवलेली असतात. त्यांतला एक पत्रा, बहुधा पितळी, काही अंतर उभा चिरून त्याची पट्टी आतल्या बाजूला किंचित वाकवलेली असते. स्क्रूड्रायव्हर पूर्ण उघडला की ही पट्टी आपोआप सरकून त्याच्या बुडामागे येते आणि त्याला मिटू देत नाही. मिटवायचा तर मुठीच्या कडेवर थोडी वर आलेली पट्टी अंगठ्याने बाजूला सारायची. मुख्य पात्याला असा खटका नसतो, ते पाठीकडच्या स्प्रिंगच्या ताणावरच उभे राहते. धारदार पाते मोकळे आणि बोथट स्क्रूड्रायव्हर कुलूपबंद, हे पहिल्यांदा उलटे वाटते. पण कापताना जोर धारेच्या दिशेने पडतो आणि पाते आणखी उघडू पाहते. स्क्रू पिळताना मात्र जोर आडवातिडवा पडतो, टोकावर दाब द्यावा लागतो, आणि खटका नसेल तर हत्यार बोटांवर मिटते. ज्याने हे बांधले त्याला वायरमनच्या हाताची चांगली ओळख होती.

आतल्या पत्र्याचाच खटका करण्याच्या या कल्पनेचे पेटंट १९०६ मध्ये वॉटसन आणि चॅडविक यांनी न्यू यॉर्क राज्यातील कॅटरॉगस कटलरी कंपनीसाठी घेतले होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर या अमेरिकन कारागिराने तीच कल्पना सुधारून आजचा ‘लायनरलॉक’ घडवला. बाजारात आज दिसणाऱ्या असंख्य घडीच्या चाकूंचा खटका त्याच घराण्यातला. इलेक्ट्रिशियनच्या चाकूला तंत्राच्या इतिहासात जागा मिळते ती या दुव्यामुळे. दुर्दैवाने विक्रेते त्याबद्दल क्वचितच बोलतात. त्यांचे सगळे लक्ष युद्धकथांवर.

काम

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली विजेची तार आजच्यासारखी पीव्हीसीत गुंडाळलेली नव्हती. तांब्यावर रबर आणि रबरावर सुती विणीचे आवरण असे. रबरातल्या गंधकाने तांबे काळे पडू नये म्हणून तारेला कथिलाचा मुलामा देत. असे आवरण एका झटक्यात निघत नाही, चिकटून राहते. म्हणून आधी पात्याने सोलायचे आणि मग स्क्रूड्रायव्हरच्या कडेने खरवडून धातू चकचकीत करायचा, नाहीतर जोडावर दिलेला डाग (सोल्डर) नीट धरत नाही. सोलण्याची रीत पेन्सिल तासण्याची: पाते तिरके धरायचे. तारेभोवती काटकोनात गोल चीर दिली तर तांब्यावर ओरखडा पडतो आणि दोन-चार वेळा वाकवली की तार नेमकी तिथेच तुटते. पीव्हीसी आल्यावर आणि आवरण काढण्याच्या खास पकडी स्वस्त झाल्यावर चाकूचे हे काम हळूहळू आटले.

सिग्नल कोअर

अमेरिकन सैन्याची ही संदेशवहन शाखा १८६० पासूनची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिच्या सामानाला अक्षर आणि आकडे यांची नावे असत. टीई-३३ या संचात तीन वस्तू येत: टीएल-२९ चाकू, टीएल-१३-ए ही लाइनमनची पक्कड आणि दोन्ही ठेवायला सीएस-३४ हा कातडी खिसा, जो कमरेच्या पट्ट्यात ओवता येई. रणांगणावर टेलिफोनची तार जमिनीवरून अंथरली जाई. ती रणगाड्यांखाली चिरडे, तोफगोळ्यांनी तुटे, आणि रात्री-बेरात्री कोणीतरी तिच्यामागे चालत जाऊन तुटलेले टोक शोधून गाठ मारून येई. डब्ल्यू-११०-बी या त्या काळच्या सर्रास वापरातल्या तारेत तांब्याच्या तारांबरोबर पोलादाच्याही तारा पिळलेल्या होत्या. ओढताना तुटू नये म्हणून पोलाद, आवाज वाहावा म्हणून तांबे. चाकूच्या धारेला मात्र ते पोलाद सोसत नसे.

तिन्ही वस्तू एकत्र, एकाच काळातल्या आणि कातडी खिशावरचा छाप वाचता येईल अशा मिळणे, हे या छंदातले नेहमीचे उद्दिष्ट. चाकू सहज मिळतो, पक्कडही मिळते. अडते ते कातड्यापाशी. कारण खिसा फाटला की फेकून दिला जातो.

कारखाने आणि छाप

न्यू यॉर्क राज्य हे या चाकूंचे माहेर. कॅमिलस गावची कॅमिलस कटलरी, एलेनव्हिलची अल्स्टर, वॉल्डनची श्रेड, युटिकाची ‘कटमास्टर’ छापाची युटिका कटलरी, ही ठळक नावे. पेनसिल्व्हेनियातल्या केस आणि क्वीन या कंपन्यांनीही असे चाकू बनवले. १८५७ पासून लाइनमनची अवजारे विकणारी शिकागोची क्लाइन कंपनीही आपल्या नावाचे चाकू विके.

काळ ठरवायचा तो पात्याच्या बुडावरच्या छापावरून. त्यासाठी पाते अर्धे उघडून, भिंग लावून, उजेड तिरका पाडून पाहावे लागते. थेट उजेडात झिजलेली अक्षरे दिसतच नाहीत. श्रेडची मालकी १९४६ मध्ये बदलली आणि ‘श्रेड कट’ जाऊन ‘श्रेड वॉल्डन’ आले, म्हणून पहिला छाप असलेला चाकू युद्धाच्या आसपासचा किंवा त्याआधीचा. रेमिंग्टनने १९२० मध्ये सुरू केलेला खिशातल्या चाकूंचा धंदा १९४० मध्ये पाल या कंपनीला विकला. त्यामुळे रेमिंग्टन छापाचा मूळ चाकू या वीस वर्षांतलाच असायला हवा. टेलिफोनवाल्यांच्या हत्यारांवर ‘बेल सिस्टिम’ या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपन्यांच्या यंत्रणेचा छाप असतो. १ जानेवारी १९८४ रोजी ती यंत्रणा न्यायालयाच्या आदेशाने मोडली गेली, तेव्हा असे हत्यार त्यापूर्वीचे हे नक्की.

केसची पद्धत सर्वांत वाचनीय. १२०३१एलआर या क्रमांकातला पहिला १ म्हणजे अक्रोडाच्या लाकडाची मूठ, २ म्हणजे (स्क्रूड्रायव्हर धरून) दोन पाती, ०३१ हा साच्याचा क्रमांक, एल म्हणजे खटका आणि आर म्हणजे कडी. १९७० मध्ये या कंपनीने छापाखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दरवर्षी एक कमी केला. ठिपके मोजले की साल निघते. एवढी सोय क्वचितच कोणी करून ठेवलेली असते.

इम्पीरियल श्रेड २००४ मध्ये आणि कॅमिलस २००७ मध्ये बंद पडली. दोन्ही नावे मात्र विकली गेली आणि बाहेर बनवलेल्या मालावर आजही छापली जातात. नाव तेच दिसले म्हणून हुरळून जाऊ नये.

पारख

चाकू हातात घेतल्यावर अनुभवी संग्राहक आधी पाते उघडतो आणि मिटवतो. स्प्रिंग जिवंत असेल तर दोन्ही वेळा टणक ‘टक्’ असा आवाज येतो. मग पात्याची रुंदी. वर्षानुवर्षे दगडावर घासलेले पाते मधे बारीक होत जाते आणि मिटल्यावर मुठीच्या आत खोल बुडते. नव्या पात्याची उंची माहीत नसेल तर ही झीज ध्यानातही येत नाही, म्हणून जाणकार शेजारी दुसरा चाकू ठेवून पाहतात. स्क्रूड्रायव्हरची टोके गोलावलेली किंवा कानशीने पुन्हा सरळ केलेली असतात. काही पात्यांच्या धारेवर ज्वारीच्या दाण्याएवढा, वितळल्यासारख्या कडांचा खड्डा दिसतो. तिथे कोणीतरी चालू लाइनला पाते लावले होते. मुठीचे लाकूड काही प्रमाणात आडोसा देई. पण दोन्ही टोकांचे धातू, कडी आणि रिव्हेट पात्याशी जोडलेले असल्याने हा चाकू विजेपासून बचाव करणारा मुळीच नाही. असा खड्डा पडला की बाजारभाव घसरतो. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र असा एक तरी नमुना संग्रहात असलाच पाहिजे. कोऱ्या, पेटीबंद चाकूवरून हे हत्यार कशासाठी होते ते कळत नाही.

बनावट माल बहुधा पूर्ण बनावट नसतो. तो जुळवलेला असतो. एका चाकूचे पाते, दुसऱ्याची मूठ, तिसऱ्याच्या मुठीवर जडवलेली छोटी धातूची ढाल. तपासायचे ते रिव्हेट: मूळ रिव्हेट लाकडाच्या पातळीत घासलेले असतात, नंतर ठोकलेल्यांभोवती लाकूड चेपलेले किंवा तडकलेले दिसते. दोन पाती दोन वेगळ्या कंपन्यांची निघाली तर प्रश्नच मिटला. मुठीवर ‘टीएल-२९’ ही अक्षरे नंतर कोरून साध्या चाकूला वर्दी चढवण्याचे प्रकारही होतात. ‘नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेला चाकू’ ही जाहिरात कागदपत्र नसेल तर ऐकून सोडून द्यावी. हा नमुना व्हिएतनाम युद्धाच्या काळापर्यंत बनत राहिला आणि त्याच कारखान्यांतून हार्डवेअरच्या दुकानांतही गेला.

जतन

सर्वांत मोठी चूक म्हणजे चकाकी. बफ (पॉलिशचे फिरते चाक) लावला की छापाच्या कडा जातात, लाकडाचा वर्षानुवर्षांचा रंग जातो आणि उरतो तो एक गुळगुळीत, बिनओळखीचा तुकडा. लाल गंज तेल लावून हलक्या हाताने काढावा. पोलादावरचा राखाडी थर तसाच राहू द्यावा. पितळेवर हिरवी कळक चढते ती बहुतेकदा कातड्यामुळे: कमावताना वापरलेली द्रव्ये पितळेला लागतात. त्यामुळे टीई-३३ चा संच एकत्र मांडला तरी चाकू खिशाबाहेर ठेवतात. सेल्युलॉइडच्या मुठीचे चाकू वेगळ्या डब्यात ठेवणेच शहाणपणाचे. हे जुने प्लास्टिक कुजू लागले की आम्लाच्या वाफा सोडते आणि शेजारच्या चांगल्या चाकूंनाही गंजवते. मुंबई-कोकणाच्या पावसाळी हवेत कार्बन पोलादाला तर तेलाचा पातळ हात आणि कोरडा डबा हवाच.

इतर देश

स्वित्झर्लंडच्या व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा ‘इलेक्ट्रिशियन’ हा नमुना या प्रकारातला सर्वांत देखणा म्हणता येईल: ॲल्युमिनियमची खडबडीत मूठ, सरळ पाते, आवरण खरवडण्यासाठी दुसरे आखूड वाकडे पाते, स्क्रूड्रायव्हर आणि भोक पाडायची टोचणी. जर्मनीत झोलिंगेनचे केबल-चाकू जमवणारे आहेत. १९३८ पासून कायद्याने त्या शहराचे नाव तिथल्या मालालाच लावता येते, त्यामुळे तो छाप विश्वासाचा. जपानमध्ये वायरमनचा घडीचा चाकू अजून कामात आहे.

भारतात

भारतात वायरमनच्या पिशवीत मान पक्कड आणि टेस्टरला. ब्रिटिश काळात शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचे चाकू इथे नावाजलेले होते, पण ते सर्वसाधारण वापराचे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सिग्नल तुकड्या कलकत्ता-आसाम भागात होत्या, म्हणून टीएल-२९ भारतात आला असणार हे उघड आहे. मुंबईचा चोरबाजार किंवा पुण्याचा जुना बाजार इथे जुन्या हत्यारांच्या ढिगात शोधणाऱ्याने पक्कड आणि चाकू दोन्हींवरचे छाप पाहावेत.

कायद्याची अडचण फारशी नाही. शस्त्र नियमांतला परवाना नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांसाठी आहे. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय आणि औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती त्यातून वगळली आहेत. टीएल-२९ चे पाते तीन इंचही भरत नाही. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार सार्वजनिक ठिकाणी सबळ कारण नसताना बाळगायचा चाकू घडीचा, तीन इंचांपर्यंतच्या धारेचा आणि पाते उघडे अडकून न राहणारा असावा लागतो. विमानात मात्र तो कुठल्याच देशात हातातल्या पिशवीत नेऊ नये, चेक-इन सामानातच टाकावा.