ई-रीडरमधली दोन कार्डे: खाचेतले आणि मदरबोर्डवरचे

‘जुन्या कार्डावरच्या सगळ्या फायली नव्या कार्डावर कॉपी केल्या, तरी रीडर सुरूच होत नाही’ ही तक्रार रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत इतक्या वेळा ऐकली आहे, की आता एकदा सविस्तर लिहिणे भाग आहे.

ई-रीडरच्या, म्हणजे डिजिटल पुस्तके वाचण्याच्या यंत्राच्या, कडेच्या खाचेतले कार्ड सर्वांच्या परिचयाचे आहे. कोबो कंपनीच्या २०१३ च्या ऑरा एचडी या रीडरला अशी खाच होती. त्या कार्डावर फक्त पुस्तके राहतात आणि ते हरवले तरी यंत्राचे काही बिघडत नाही. अ‍ॅमेझॉनच्या किंडल रीडरमध्ये स्मृतीची चिप बोर्डावर डाखलेली (सोल्डर केलेली) असल्यामुळे हा प्रश्न घरच्या घरी उद्भवतच नाही.

घोळ होतो तो २०१८ च्या कोबो क्लारा एचडीसारख्या यंत्रांत. त्याला बाहेरून खाच नाही, परंतु मागचे झाकण काढले की मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट-पट्टीवर, तसेच मायक्रोएसडी कार्ड दिसते. आकार तोच, म्हणून स्वभावही तोच, असे लोक गृहीत धरतात. वास्तविक हे आतले कार्ड म्हणजे यंत्राची संपूर्ण डिस्क आहे. यूएसबीने जोडल्यावर दिसतो तो तिचा केवळ पुस्तकांचा विभाग; त्याखेरीज लिनक्सचे (यंत्र चालवणाऱ्या कार्यप्रणालीचे) दोन विभाग असतात, एक चालू प्रणालीचा आणि दुसरा ती पूर्ववत करण्यासाठीचा. शिवाय पहिल्या विभागाच्याही आधीच्या जागेत यंत्राचा अनुक्रमांक, हार्डवेअरचे वर्णन, बूटलोडर (यंत्र सुरू करणारा छोटा प्रोग्राम) आणि पडद्यावर शाई कशी उमटवायची याची माहिती थेट लिहिलेली असते. ही माहिती कोणत्याही फाइलमध्ये नसते, त्यामुळे कॉपी-पेस्ट कितीही काळजीपूर्वक केले तरी ती नव्या कार्डावर जातच नाही. त्यासाठी लिनक्समधील ‘डीडी’सारख्या साधनाने पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत हुबेहूब प्रतिमा (इमेज), म्हणजे संपूर्ण कार्डाची नक्कल, घ्यावी लागते, आणि तीही आपल्याच कार्डाची. मित्राच्या रीडरची प्रतिमा घालणे मला मुळीच मान्य नाही, कारण तिच्याबरोबर त्याचा अनुक्रमांक येतो आणि मॉडेल वेगळे असल्यास पडद्यासाठीची माहितीही चुकीची येते.

आतले कार्ड विंडोजच्या संगणकात घातले, की लिनक्सचे विभाग न ओळखल्यामुळे ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ अशी खिडकी उघडते. तिथे होकार दिला की तो विभाग गेलाच. खिडकी निमूटपणे बंद करावी. प्रतिमा नव्या कार्डावर लिहिल्यावर ३२ जीबीचे कार्डही जुन्याइतकीच जागा दाखवते, म्हणून पुस्तकांचा विभाग नंतर वाढवावा लागतो. कार्ड मात्र बिलासहित घ्यावे आणि आधी पूर्ण भरून, परत वाचून तपासावे. बनावट कार्डे छापील क्षमतेच्या कितीतरी आधीच माहिती गमावू लागतात.

झाकण उघडताना बहुतेक ई-शाई पडद्यांच्या पाठीशी काच असते, हे लक्षात ठेवून जोर लावू नये आणि बॅटरीजवळ धातूचे हत्यार नेऊ नये. जलरोधक मॉडेल एकदा उघडले की त्याच्या जलरोधकतेचा भरवसा धरता येत नाही, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत ही गोष्ट क्षुल्लक नाही. जून ते सप्टेंबर मी तरी कोणाला रीडर उघडू देणार नाही.

केवळ जागेसाठी हा खटाटोप करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या कादंबऱ्यांना ८ जीबी भरपूर होतात. जागा खातात त्या जुन्या दिवाळी अंकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ, आणि त्या संगणकावर ठेवता येतात. कार्डच खराब होऊ लागले असेल, यंत्र वारंवार अडकत असेल, तर गोष्ट वेगळी. तेव्हाही जुने कार्ड पुसू नये. नवे कार्ड नीट चालते आहे याची काही आठवडे खात्री होईपर्यंत ते जसेच्या तसे डबीत ठेवावे.