उलोस घरी नेण्याआधी

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटाच्या उत्तरेला, टोबा सरोवराच्या आसपास बाताक लोक राहतात. सुमारे ७४ हजार वर्षांपूर्वी इथे महाज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि उरलेल्या खड्ड्यात हे सरोवर साठलं. (टोबाची राख आपल्या पुणे जिल्ह्यात, कुकडीकाठच्या बोरी गावातही सापडली आहे.) डोंगरातली हवा थंड. तिथले लोक म्हणतात, ऊब तिघांकडून मिळते: सूर्याकडून, विस्तवाकडून आणि उलोसकडून.

उलोस म्हणजे बाताक बायकांनी कमरेला बांधायच्या हातमागावर विणलेलं वस्त्र. तान्ह्या बाळाला बांधून घ्यायला एक, लग्नात वधूवरांच्या खांद्यावर घालायला दुसरं, विधवेच्या डोक्यावर ठेवायला तिसरं, मृतदेहावर पांघरायला आणखी वेगळं. देण्याची दिशाही ठरलेली: मुलीच्या माहेरच्यांनी तिच्या सासरच्यांना द्यायचं. आजीच्या जुन्या लुगड्याच्या दुपट्यात वाढलेल्या माणसाला, कापडातून माया कशी पोचते, हे निराळं सांगायला नको.

एकोणिसाव्या शतकात मिशनरी आले, पाठोपाठ डच फौजा. बाताकांचा राजा सिसिंगामंगाराजा बारावा १९०७ मध्ये डचांशी लढताना मारला गेला. या काळात मिशनरी, अधिकारी आणि व्यापाऱ्यांच्या हातून कितीतरी उलोस युरोपात गेले. नोंदवहीत बहुतेकदा एवढंच: ‘बाताक, सुमात्रा’ आणि एक क्रमांक. विणणारीचं नाव नाही.

आता परतीची वाट थोडी मोकळी झाली आहे. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सने इंडोनेशिया आणि श्रीलंकेला मिळून ४७८ वस्तू परत करायचं जाहीर केलं. त्यात डच फौजांनी इंडोनेशियातल्या लोंबोक बेटावरून आणलेल्या लुटीचा वाटा सर्वांत मोठा होता. पण असा व्यवहार सरकार ते सरकार होतो. वस्तू जकार्ताला पोचते, आणि तिथून टोबा हजाराहून जास्त किलोमीटर दूर राहतं.

शिवाय प्रत्येक जुन्या कापडाबाबत एक प्रश्न आधी सोडवावा लागतो: ते अंगावर घेण्याजोगं उरलं आहे का? किडींपासून वाचवण्यासाठी संग्रहालयं कितीतरी दशकं वस्तूंवर सोमल (आर्सेनिकचं विष), पाऱ्याचे क्षार आणि पुढे डीडीटी वापरत होती. काचेआड ठेवायच्या कापडाला ते चालून गेलं. लेकराला गुंडाळायच्या कापडाला कसं चालेल? अमेरिकेत मूळ रहिवाशांच्या वस्तू परत करायला लावणाऱ्या १९९० च्या कायद्यानंतर त्यांतल्याच होपी लोकांना पवित्र वस्तू परत मिळाल्या, तेव्हा त्यांतल्या काहींत सोमल निघालं. हा धोका काल्पनिक नाही.

तपासणीसाठी पिस्तुलासारखं दिसणारं एक यंत्र कापडासमोर धरतात. त्यातून निघालेले क्ष-किरण अणूच्या आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतात. ती जागा भरताना अणू स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण सोडतो, आणि त्यावरून मूलद्रव्य ओळखता येतं. गोम अशी, की सोमलातल्या आर्सेनिकची मुख्य खूण शिशाच्या एका खुणेवर जवळजवळ तंतोतंत बसते. अनुभवी माणूस नसेल तर घोटाळा होतो. डीडीटीसारख्या सेंद्रिय विषासाठी वेगळी तपासणी करावी लागते.

रंगही बोलतात. उलोसची निळाई निळीची. लाल रंग मुळांचा, आणि ते झाड म्हणजे आपल्या बारतोंडीचं सख्खं भावंड. काही मिलिमीटर धागा घेऊन त्यातली रंगद्रव्यं वेगळी केली, की मुळाचा रंग असेल तर संयुगांचं मिश्रण दिसतं, कारखान्यातला असेल तर साधारणपणे एखाददुसरंच. कृत्रिम रंग १८५६ नंतर आले, त्यामुळे कापडाच्या वयाचाही थोडा अंदाज येतो.

मला मात्र सगळ्यात मोलाची वाटते ती वीण. ‘रागिदुप’ नावाचं मानाचं उलोस घ्या. त्याच्या मधल्या पट्टीची दोन्ही टोकं पांढरी असतात, एकावर पुरुषाची नक्षी, दुसऱ्यावर स्त्रीची. मधला भाग मात्र गडद. एकाच ताण्यात, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांत, हे जमतं कसं? विणता विणता गडद ताण्याच्या जागी पांढरे ताणे अडकवायचे आणि गडद कापून टाकायचे. वस्त्र पुरं झाल्यावर हा सांधा सहजी दिसतही नाही. ही विद्या कागदावर नव्हती, बायकांच्या बोटांत होती. गिरणीचं कापड स्वस्त झालं, विणकरणी कमी झाल्या, आणि काही प्रकार विणणारं फारसं कुणी उरलं नाही.

म्हणून मानववंशशास्त्रज्ञ सँड्रा नीसन यांचं काम महत्त्वाचं. त्यांनी बाताक वस्त्रांचा २००९ सालचा आपला मोठा ग्रंथ थेट विणकरणींच्या गावांत नेऊन पोचवला. चित्र पाहून नक्षी कळते, पण विणकरणीला त्याहून जास्त हवं असतं: कापडाची मागची बाजू, काठाचा पीळ, सेंटिमीटरमागे ताण्याचे धागे किती, पांढरा ताणा नेमका कुठे सुरू होतो. संग्रहालयाला एवढं मोजून, उलटसुलट फोटो काढून पाठवणं मुळीच अवघड नाही. सोमल निघालेलं जुनं उलोस टोबाकाठच्या संग्रहालयात काचेआड राहू दे. त्याच्यावरून मोजून विणलेलं नवं, बिनविषारी रागिदुप माहेरची माणसं लेकीच्या सासरी घेऊन जातील.