पहाटेचा गारठा आणि आठ पायांची धाव

डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी साडेसहाला मी इंदिरानगरला बहिणीच्या घरी पोचले, ते भाच्याच्या टॅरंटुलाचं, म्हणजे त्याने पाळलेल्या मोठ्या केसाळ कोळ्याचं, घर बदलायला. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात, तसला गारठा होता. भाच्याच्या खोलीतल्या तापमापकावर १७ अंश दिसत होते. आम्हाला हीच वेळ हवी होती.

मे महिन्यात त्याने हे काम एकट्याने करून पाहिलं होतं. संध्याकाळची वेळ, दिवसभर तापलेली खोली, डोक्यावर गरगरणारा पंखा. त्याने ब्रशने तिला मागून ढोसलं, तशी ती गर्रकन वळली आणि ब्रशच्या दांड्यावरून थेट त्याच्या मनगटावर आली. त्याने हात झटकला नाही, म्हणून ती वाचली. मनगटावरून टेबलावर, टेबलावरून कपाटामागे. दोन तासांनी कोपऱ्यातल्या अंधारात सापडली, तेव्हा तिच्यावर डबा पालथा घालून खालून पुठ्ठा सरकवला आणि तिला परत जुन्या पेटीत सोडलं.

ही मादी ऑरेंज बबून जातीची आहे, शास्त्रीय नाव टेरिनोकायलस म्युरिनस. मूळची पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतली. या जातीचं वर्णन १८९७ साली रेजिनाल्ड पोकॉक यांनी केलं. आपल्या पश्चिम घाटातली पोइसिलोथेरिया रेगॅलिस आणि आंध्रातली निळीशार पोइसिलोथेरिया मेटॅलिका यांची शास्त्रीय ओळखही १८९९ मध्ये त्यांनीच करून दिली. अमेरिका खंडांतल्या बऱ्याच टॅरंटुला पोटावरचे खाज आणणारे केस शत्रूवर उडवतात. आफ्रिका आणि आशियातल्या टॅरंटुलांकडे ते केस नसतात. त्यांच्याजवळ पळ काढणं, पुढचे पाय उंचावून धाक दाखवणं आणि अगदी नाइलाज झाला तर चावणं, एवढंच असतं. बबूनचा दंश फार दुखतो, स्नायूंत गोळे येतात, अशा वेळी दवाखाना गाठायलाच हवा. पण ती माणसावर धावून येते हा समज चुकीचा आहे. ती आडोसा शोधत धावत असते आणि वाटेत आपला हात येतो.

आता ती इतकी वेगाने पळते कशी, ते पाहू. घराच्या कोपऱ्यात मेलेला कोळी पाहिला असेल तर त्याचे पाय आत मुडपलेले असतात. कोळ्याच्या पायातल्या दोन मुख्य सांध्यांना वाकवणारे स्नायू असतात, सरळ करणारे नसतात. पाय ताठ करायचा तर शरीराच्या पुढच्या भागातून रक्तद्रव दाबाने पायात ढकलावा लागतो. जेसीबीचा हात तेलाच्या दाबावर लांब होतो, तसंच. मेल्यावर दाब संपतो आणि पाय मिटतात. म्हणूनच टॅरंटुलाला पडण्याची भीती माणसापेक्षा कितीतरी मोठी. पोटाची कातडी पातळ असते. हातभर उंचीवरून पडून ती फाटली तर रक्तद्रव वाहून जातो, दाब राहत नाही, आणि चालणंच काय, जगणंही थांबतं. भाच्याने हात झटकला असता तर हेच झालं असतं.

या दाबाच्या यंत्रणेचा उष्णतेशी सरळ संबंध आहे. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी टेक्सासच्या तपकिरी टॅरंटुलांना १५ ते ४० अंशांदरम्यानच्या वेगवेगळ्या तापमानांत धावायला लावून त्यांचं चित्रण केलं. थंड टोकापासून गरम टोकापर्यंत वेग साधारण अडीचपट झाला. सगळ्यांत जास्त वेगात मात्र दाबावर चालणाऱ्या त्या दोन सांध्यांचा आपसातला ताळमेळ ढिला पडत होता. म्हणजे तापलेली टॅरंटुला नुसती जलद नसते, तिची धाव सैरभैरही होते. मेमधली ती धांदल आणि डिसेंबरातली ही सकाळ यांत एवढा फरक आहे. तरीही कुणी तिला मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवून गार करू नये. आपण फक्त दिवसातला गार वेळ निवडायचा.

आणखी एक गोष्ट आपल्या बाजूची असते. टॅरंटुलाचा दम टिकत नाही. ती जोरात धावते ते थोडेच क्षण, मग थबकते. त्या वेळी आपण हलायचं नाही.

"मावशी, आधी पंखा बंद कर," भाचा म्हणाला, "आणि तिच्याजवळ बोलू नकोस." त्याचं बरोबर होतं. डोळे आठ असले तरी तिला उजेड-अंधार आणि हालचाल यापलीकडे फारसं दिसत नाही. तिचं जग केसांचं आहे. पायांवरचे अतिशय नाजूक केस हवेची झुळूक टिपतात, पायांतल्या बारीक फटींसारख्या संवेदकांना जमिनीची थरथर कळते. आपला श्वास अंगावर आला तरी तिला कुणी मोठा प्राणी जवळ आल्यासारखं वाटतं. काही लोक फुंकर मारून टॅरंटुलाला पुढे ढकलतात, ते मला अजिबात पटत नाही.

आम्ही दाराखाली टॉवेल कोंबला, कपाटामागची फट वर्तमानपत्राने बुजवली आणि दोन्ही पेट्या एका मोठ्या पारदर्शक खोक्यात ठेवल्या. प्लास्टिकवर ती सहज चढते, त्यामुळे खोक्याने ती अडणार नव्हती, पण झाकण लावायला सवड मिळाली असती.

खरी युक्ती भाच्याने सात महिन्यांपूर्वीच करून ठेवली होती. मेच्या अनुभवानंतर त्याने जुन्या पेटीत पोकळ बांबूचा तुकडा तिरपा पुरला. एका टोकाला बांबूची गाठ, म्हणजे ते टोक बंद, दुसरं उघडं. तिने आत जाळं विणून तेच घर केलं. तिला घराबाहेर काढण्याची गरजच उरली नव्हती, सगळं घर उचलायचं होतं.

ती तोंडाशी बसली होती, दोन पाय बाहेर. भाच्याने मऊ ब्रशचं टोक पुढच्या पायांना जेमतेम टेकवलं. ती मागे सरकली. पुन्हा टेकवलं, आणि ती आतल्या अंधारात गेली. लांब चिमट्याने त्याने तोंडावर मऊ कापडाचा बोळा बसवला, भोवतालचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) चमच्याने बाजूला केलं आणि बांबू अलगद नव्या पेटीत आडवा ठेवला. बोळा चिमट्यानेच काढला आणि झाकण लावलं. सगळं मिळून अकरा मिनिटं.

टॅरंटुलाचं बीळ थेट मातीत असेल, तर तळ कापलेली प्लास्टिकची बाटली बिळाच्या तोंडावर घट्ट बसवतात, बाटलीचं तोंड कापसाने बंद करतात आणि बाजूने माती हळूहळू उकरत जातात. ती बाहेर पडली की बाटलीतच येते.

नुकतीच कात टाकलेली असेल तर हे काहीच करायचं नाही. कवच मऊ असतं आणि सुळे पांढरट. ते काळे होऊन कवच टणक होईपर्यंत थांबायचं. खाणं सोडून पोट गडद दिसू लागलं असेल, म्हणजे कात जवळ आली असेल, तेव्हाही नाही.

नव्या पेटीत १५ सेंटिमीटर कोकोपीट घातलं होतं. पायांचा पसारा १२ सेंटिमीटरचा, म्हणून मातीपासून झाकणापर्यंत १८ सेंटिमीटरच उंची ठेवली. पेटी उंच असेल तर ती चढते आणि पडते.

परदेशी प्राणी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या सायटिस यादीत असेल तर २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्याखाली त्याची नोंदणी करावी लागते. आपल्याकडची पोइसिलोथेरिया ही पूर्ण प्रजातीच, तिच्यातल्या सगळ्या जातींसह, २०१९ मध्ये त्या यादीत गेली. सह्याद्रीतल्या झाडाच्या ढोलीत टॅरंटुला दिसली तर फोटो काढावा आणि तिला तिथेच राहू द्यावं.

आठवडाभर तिला खायला काही द्यायचं नाही, फक्त पाण्याची वाटी भरलेली ठेवायची, असं ठरलं होतं. चौथ्या दिवशी भाच्याचा फोन आला. बांबूच्या तोंडापासून पाण्याच्या वाटीपर्यंत तिने जाळ्याचा पांढरा पट्टा विणला होता.