बरं वाटू दे, मग लस देऊ

हृदयाला जन्मतः छिद्र असलेलं किंवा मूत्रपिंडाच्या आजारासाठी स्टेरॉईड घेणारं मूल घरात असलं, की लसीची तारीख जवळ आल्यावर घरचे बिचकतात. आधीच एवढी औषधं, त्यात आणखी सुई कशाला? जरा बरं वाटू दे, मग बघू. या बोलण्यामागची माया खरी आहे. पण न्यूमोकोकसच्या लसीचा हिशेब उलटा आहे. ज्या आजारामुळे आपण ती लांबवतो, त्याच आजारामुळे ती अधिक निकडीची होते.

न्यूमोकोकस हा जिवाणू काही दुर्मीळ नव्हे. धडधाकट मुलांच्या नाका-घशातही तो आठवडेच्या आठवडे मुक्काम करतो आणि बहुतेकदा काही न करता निघून जातो. तिथून तो फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया होतो. रक्तात शिरला तर जंतुदोष अंगभर पसरतो आणि मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला तर मेंदूज्वर. त्याचं बळ आहे त्याच्या अंगावरच्या शर्करेच्या जाड वेष्टनात. त्यामुळे आपल्या पांढऱ्या पेशींना तो पकडताच येत नाही, हातातून निसटतो. या वेष्टनाचे शंभराहून जास्त प्रकार आजवर सापडले आहेत.

त्याला पकडायला दोन गोष्टी लागतात: वेष्टनाला चिकटणारी प्रतिपिंडं (अँटीबॉडी), आणि तसे खुणावलेले जिवाणू रक्तातून गाळून काढणारी प्लीहा, म्हणजे पाणथरी. जुनाट आजारांची खरी गोम इथे आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात कोयत्यासारख्या वाकलेल्या रक्तपेशी प्लीहेच्या बारीक वाहिन्या तुंबवत राहतात, आणि आजाराच्या तीव्र प्रकारात पहिल्या काही वर्षांतच ती निकामी होते. नेफ्रॉटिक सिंड्रोम या मूत्रपिंडाच्या आजारात शरीराने कष्टाने बनवलेली प्रतिपिंडं लघवीवाटे वाहून जातात. एचआयव्ही किंवा रक्ताच्या कर्करोगात ती धड बनतच नाहीत. हृदयाच्या किंवा फुप्फुसाच्या आजारात प्रतिकारशक्ती ठीक असू शकते, पण न्यूमोनिया पेलायला लागणारी शिल्लक ताकद नसते. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू यावं म्हणून कानात शस्त्रक्रियेने घातलेलं यंत्र, बसवलेल्या मुलांचा धोका वेगळाच: कानातल्या संसर्गाला मेंदूच्या आवरणाकडे जायला वाट मिळते. ही मुलं खेळती-हसती असतात, म्हणून त्यांचं नाव या यादीत येईल असं पालकांच्या मनातही येत नाही.

लस बनवणाऱ्यांपुढचा पेच मोठा सुरेख आहे. वेष्टनाची नुसती शर्करा टोचली तर दोन वर्षांखालच्या बाळाचं शरीर तिची फारशी दखल घेत नाही. मग ती शर्करा एका प्रथिनाला जोडली. प्रथिन दिसताच प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी जाग्या होतात, त्यांच्या मदतीने बाळही भक्कम प्रतिपिंडं बनवतं आणि त्याची आठवणही राहते. अशी जोडलस, म्हणजे कॉन्जुगेट लस, लहान मुलांसाठी 2000 साली आली. तिच्यात वेष्टनाचे सात प्रकार होते. 2010 मध्ये तेरा झाले, आणि आता पंधरा व वीस प्रकारांच्याही लसी आहेत. तेवीस प्रकारांची जुनी लस नुसत्या शर्करेची आहे, म्हणून ती दोन वर्षांनंतरच देतात.

जोखमीच्या मुलांना नेहमीच्या डोसांवर थांबून चालेलच असं नाही. कोणती जोडलस मिळाली आहे त्यावरून पुढचं ठरतं. अनेकांना दोन वर्षांनंतर तेवीस प्रकारांची लस लागते, जोडलशीनंतर किमान आठ आठवड्यांनी. प्लीहा काढायची किंवा इम्प्लांट बसवायचं ठरलं असेल, तर शक्यतो निदान दोन आठवडे आधी डोस पूर्ण करतात, कारण प्रतिपिंडं बनायला वेळ लागतो. या लसींत जिवंत जंतू नसतो, त्यामुळे स्टेरॉईड किंवा केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला तिच्यापासून न्यूमोकोकसचा आजार होऊच शकत नाही. फार तर प्रतिसाद थोडा कमी मिळतो. म्हणूनच सवड असेल तर उपचार सुरू होण्याआधी लस घेणं उत्तम. मुलाची फाईल हातात असताना डॉक्टरांना विचारावं, ‘याच्या आजारासाठी न्यूमोकोकसचा जादा डोस लागतो का?’ तपासणीच्या गडबडीत हा विषय सहज राहून जातो.

आणि प्लीहा नसलेल्या किंवा निकामी झालेल्या मुलाला ताप आला, तर सगळे डोस झालेले असले तरी सकाळपर्यंत वाट पाहू नये, त्याच क्षणी रुग्णालय गाठावं. लसीत नसलेले प्रकार उरतातच, आणि अशा मुलात हा जिवाणू काही तासांत जिवावर बेततो.